वाटेवरचे प्रश्न : सहा पार्क, नऊ दिवस, दोन गुडघे

प्रश्न : आम्ही दोघं (वय ६९ आणि ६५) जूनच्या सुरुवातीला मुलीकडे फिनिक्सला, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात चाललो आहोत. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जावयांनी सहा राष्ट्रीय उद्यानांची (तिकडे 'पार्क' म्हणतात) नऊ दिवसांची मोटारीची सहल आखली आहे : जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस आणि शेवटी ग्रँड कॅन्यन. सगळा वाळवंटी मुलूख. नातवंडं नऊ आणि सहा वर्षांची. हिचे दोन्ही गुडघे दुखतात. यादी वाचून छाती दडपली, पण त्यांनी हौसेने आखलंय, नको कसं म्हणायचं?
(विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नको म्हणूच नका. "तीन पार्क पुढच्या खेपेला ठेवू" असं म्हणा. जावयाला असंच सांगायचं असतं. मी माझ्या जावयाला हेच सांगितलं होतं, फक्त सहल झाल्यावर. तुम्ही आधी सांगा.

आता कोणते तीन, ते बघू. मी साताऱ्यात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मे महिन्यात साताऱ्याला उकडतं का, असं कोणी विचारलं की मी उलट विचारायचे, साताऱ्यात कुठे? त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात म्हसवडला डांबर मऊ होतं आणि महाबळेश्वरला संध्याकाळी शाल लागते. वर्गात हे शंभरदा सांगूनही जावई 'डेझर्ट' म्हणाले तेव्हा मी बॅगेत फक्त सुती साड्या भरल्या, आणि ब्राइसला सूर्यास्ताच्या वेळी त्यांचंच जाकीट घालून कुडकुडत उभी राहिले. वाळवंट म्हणजे कोरडेपणा. ते गरम असेल की गार, हे उंची ठरवते.

म्हणून नकाशावर प्रत्येक नावापुढे उंची लिहा. फिनिक्स साधारण ३३० मीटर. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा २,१०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) साडेचारशे मीटर उंच. ब्राइसचा कडा तर २,४०० ते २,७०० मीटर. तिथे जूनच्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. आणि डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर? समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. तिथल्याच फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तोच आजवरचा जागतिक उच्चांक मानला जातो. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात चालायला जाऊ नका, असं त्या पार्कचे लोक स्वतःच बजावतात. सहा वर्षांच्या पोराला घेऊन जूनमध्ये तिथे जायचं कारण मला तरी सापडत नाही. जोशुआ ट्रीही जूनमध्ये भाजून काढतं. ही दोन्ही खोडा.

तिसरं आर्चेस. हे खोडताना माझाच हात अडखळला. दगडाच्या दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी आहेत तिथे. पण ब्राइसहून आर्चेसजवळचं मोआब गाव चार-साडेचार तास, आणि मोआबहून फिनिक्सला परत यायला सात-आठ तास. शिवाय सावली म्हणाल तर कमानीखाली पडेल तेवढीच. राहू द्या.

उरले तीन : ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस. दिवस नऊच ठेवा, पण पोहोचल्यावर आधी चार दिवस मुलीच्या घरी नुसतं झोपा. फिनिक्स आपल्या साडेबारा तास मागे आहे. सांगलीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. त्या गुंगीत मोटारीत बसलात तर ग्रँड कॅन्यनच्या फोटोत तुम्ही दोघं जांभया देताना दिसाल.

मग निघा. फिनिक्स ते ग्रँड कॅन्यन ३७० किलोमीटर, सांगलीहून मुंबई गाठण्याइतकं अंतर, पण साडेतीन-चार तासांत होतं. वाटेत फ्लॅगस्टाफ येतं. काटेरी निवडुंग मागे पडतात आणि एकदम पाइनची दाटी सुरू होते. नातवंडांना इथे जागं ठेवा, उंचीचा सगळा धडा या एका रस्त्यावर आहे. ग्रँड कॅन्यनला दोन रात्री. मग अडीच तासांवर पेज नावाचं गाव, एक रात्र. तिथून दोन तासांवर झायन, दोन रात्री. आणखी दोन तासांवर ब्राइस, दोन रात्री. परतीच्या वाटेवर पुन्हा पेजला किंवा फ्लॅगस्टाफला एक मुक्काम. रोजचा प्रवास जेवणाच्या वेळेच्या आत संपला पाहिजे. तिकडे अंधारात हरणं आणि बैलाएवढी एल्क रस्त्यावर येतात.

आता गुडघे. दऱ्या बघायला दऱ्यांत उतरावं लागतं, ही समजूत आधी काढून टाका. आपल्याकडे गड म्हणजे आधी चढायचा आणि मग दमून उतरायचं. तिथे उलटं आहे. मोटार वर कड्यावरच थांबते, उतरणं सोपं वाटतं आणि चढण शेवटी, उन्हात, वाट बघत असते. तरण्याताठ्या पोरांची फजिती तिथेच होते. तुम्ही उतरूच नका. ग्रँड कॅन्यनच्या कड्याने फरसबंद, बरीचशी सपाट वाट आहे आणि फुकट बसगाड्या फिरतात. दोन थांबे चालायचं, दोन थांबे बसने.

त्याच वाटेवर 'ट्रेल ऑफ टाइम' आहे. यावपाई संग्रहालयापासून सुरू होते. जमिनीत पितळी खुणा बसवल्या आहेत आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. नातवंडांना आजपासून मागे चालायला लावा. सहासष्ट मीटरवर थांबवा आणि सांगा, इथे आपला सह्याद्री, म्हणजे अजिंक्यताऱ्याचा काळा दगड, लाव्हा होऊन वाहत होता. मग दोनशे सत्तर मीटरपर्यंत जा. तुम्ही ज्या कड्यावर उभे आहात, त्याचा सगळ्यात वरचा, सगळ्यात 'तरुण' थर तिथे येतो, तो चुनखडीचा आहे. खाली तळाशी नदीकाठी दिसणारा काळपट खडक १,७०० मीटरच्या पुढे. मी सहासष्टाव्या खुणेवर थांबले तेव्हा आमचे हे म्हणाले, "एवढ्यात आपलं गाव आलं सुद्धा?" एकतीस वर्षांत खडूने जे जमलं नाही ते त्या वाटेने एका सकाळी केलं.

झायनला दरीत वसंतापासून शरदापर्यंत खासगी मोटारींना मज्जाव असतो. पार्कच्या बसने फिरायचं. दरीचा तळ १,२०० मीटरच आहे, म्हणून जूनमध्ये तापतो. पहिली बस पकडा. शेवटच्या थांब्यापासून नदीकाठाने 'रिव्हरसाइड वॉक' ही फरसबंद वाट आहे, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. सकाळी सावली असते. 'एंजल्स लँडिंग' या कड्यासाठी २०२२ पासून परवाना लागतो. जावयांना जायचं असेल तर त्यांनी एकट्याने जावं, साखळी धरून चढायचं आहे.

ब्राइसला सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट एवढा तुकडा पक्का आणि सपाट आहे, तेवढ्याने भागतं. खाली दगडाचे हजारो सुळके उभे असतात. भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं. वर्षातल्या निम्म्या-अधिक रात्री हेच चालतं आणि डोंगर असा चिरत जातो. निघण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावास्या बघून ब्राइसचा मुक्काम तिच्या आसपास बसवा. २०१९ पासून ते पार्क अंधारासाठी नावाजलेलं आहे. आकाशगंगा इतकी ठळक दिसते की माझ्या नातीने विचारलं, ढग आलाय का.

घड्याळाचं सांगते, कारण यात आम्ही फसलो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारचं युटा राज्य करतं. म्हणजे जूनमध्ये झायन आणि ब्राइस ग्रँड कॅन्यनच्या एक तास पुढे. त्यात ॲरिझोनातच असलेला नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रदेश घड्याळ पुढे करतो, आणि पेज गाव त्याच्या कुशीत असूनही करत नाही. फोन बिचारा गोंधळतो. आम्ही पेजला अँटिलोप कॅन्यन या चिंचोळ्या घळीसाठी फोनच्या वेळेप्रमाणे दहा मिनिटं आधी पोहोचलो आणि निघालो सत्तर मिनिटं आधी आलेले. मनगटावर साधं घड्याळ बांधा. अँटिलोप कॅन्यनला नवाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही. तिचे दोन भाग आहेत. 'लोअर'मध्ये लोखंडी शिड्या आहेत, 'अपर'चा तळ सपाट आहे. गुडघ्यांसाठी त्यातल्या त्यात अपर बरं, पण बाहेर पडताना पायऱ्या आहेत का ते आधी विचारून घ्या.

आणि मॉन्सून. हो, तिथेही हाच शब्द आहे. हवामान खात्याच्या हिशेबात १५ जून ते ३० सप्टेंबर, पण खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये. आपला पाऊस आठवडाभर आधी वर्दी देतो. तिकडचा दहा-वीस किलोमीटरवर कोसळतो आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना चिंचोळ्या घळीतून पाण्याचा लोंढा येतो. ऑगस्ट १९९७ मध्ये लोअर अँटिलोपमध्ये अकरा जण असेच गेले. दूर ढग दिसला तरी घळीत उतरायचं नाही, मग पैसे भरलेले असोत.

पैशांवरून आठवलं. १ जानेवारी २०२६ पासून पार्कांचा वार्षिक पास तिथल्या रहिवाशांना ८० डॉलर आणि परदेशी पाहुण्यांना २५० डॉलर झाला आहे. ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस या तिन्ही ठिकाणी पास नसलेल्या, सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या परदेशी माणसाला दरडोई शंभर डॉलर जादा पडतात. जावयांनी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावरचे नियम वाचूनच पास घ्यावा आणि रहिवासाचं ओळखपत्र जवळ ठेवावं. प्रवासाचा आरोग्यविमा, गोळ्यांच्या चिठ्ठ्या वगैरे मुलीने बघितलंच असेल.

प्रश्न : आम्ही डिसेंबरच्या अखेरीस लॉस एंजेलिसला भावाकडे आहोत. तीन दिवस मोकळे आहेत. डेथ व्हॅली बघावी का? लोक नावानेच घाबरवतात.
(वाई, जि. सातारा)

उत्तर : अवश्य बघा. वर ज्यांना मी जाऊ दिलं नाही त्यांनी हे वाचू नये! डिसेंबरात दिवसा छान ऊब असते आणि रात्री स्वेटर लागतो. पहाटे झॅब्रिस्की पॉइंट, मग बॅडवॉटरच्या मिठावर चाला. पायाखाली मीठ करकरतं. तिथून मोटारीने 'डांटेज व्ह्यू'वर जा. उंची १,६६९ मीटर, म्हणजे पुन्हा कळसूबाईच्या किंचित वर, आणि बरोबर खाली ते बॅडवॉटर. सकाळी ज्या मिठावर चाललात ते दुपारी सांडलेल्या पिठासारखं दिसतं. टोपी, कानपट्टी जवळ असू द्या, वर वारा बोचतो.

वाट वाकडी करून जोशुआ ट्री जोडता येईल. तिथे आत पेट्रोल पंप नाही आणि पाणीही जवळजवळ कुठेच नाही. बाहेरच भरून घ्या. जोशुआ ट्री हा खरा वृक्ष नाही, युक्का या वनस्पतीची एक जात आहे. लांबून हात वर करून उभ्या असलेल्या माणसासारखं दिसतं. चोया निवडुंगाच्या बागेत मुलांचा हात सोडू नका. नुसता स्पर्श झाला तरी त्याची गड्डी काट्यांसकट कपड्याला, कातडीला चिकटून येते. ती बोटांनी ओढायची नाही, बोटांत रुतते. कंगव्याने उचकटायची. पर्समधला साधा कंगवा त्या दिवशी औषधाच्या डबीइतका मोलाचा.

प्रश्न : महिनाअखेरीस मुलाकडे जाऊन अशीच वाळवंटातली सहल करणार आहोत. मोटारीत खायला घरून काय न्यावं? तिकडचं ब्रेड-चीज आमच्या ह्यांना चालत नाही.
(तासगाव, जि. सांगली)

उत्तर : तासगावच्या माणसाने हे विचारावं! बेदाणे न्या की. दुकानातले, पाकीटबंद. आणि सांगलीचं भडंग. हे मी गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाही. कोरड्या हवेत घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळत नाही, म्हणून माणशी दिवसाला पावणेचार लिटर पाणी धरायला सांगतात. पण नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होऊन गरगरतं. म्हणून दर दोन घोटांमागे काहीतरी खारट तोंडात टाकायचं. भडंगासारखं खारट, हलकं आणि उन्हात न विटणारं दुसरं काय आहे? बरोबर मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, आणि मुलाच्या घरून निघताना दशम्या.

विमानतळावर मात्र लपवाछपवी नको. मांसाचे पदार्थ, ताजी फळं, बी-बियाणं, रोपं अजिबात नेऊ नका. दुधाच्या मिठाईचाही मोह टाळा, कंदी पेढे पुढच्या वेळी नातवंडं इकडे आल्यावर. बाकी जे काही न्याल ते अर्ज दिला तर त्यावर लिहा आणि अधिकाऱ्याने विचारताच सांगून टाका. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, न सांगितलेलीचा दंड होतो.

आणखी एक. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर खारी फार धीट आहेत. मांडीवर चढतात, गोड दिसतात आणि कडकडून चावतात. त्यांना खायला घालायला बंदी आहे. आमच्या नातीने एकच शेंगदाणा टाकला आणि पाच मिनिटांत तीन खारी आमच्या पिशवीत. भडंगाच्या पुड्याला रबर लावून ठेवा, दुहेरी.