तेल बंदरावर उतरतं, हमाली लातूरची जाते

प्रश्न : सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं. तरी सोयाबीनला भाव नाही, गिरणीत पाळ्याही वाढल्या नाहीत. असं का? – एक वाचक, औसा

उत्तर : क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम 18 किलो, 80 किलोच्या आसपास पेंडच. गिरणीचं गणित पेंडेवर चालतं, आणि शुल्क लावलं तेलावर! बाहेरच्या बाजारात आपल्या पेंडेची गाठ अर्जेंटिना-ब्राझीलच्या पेंडेशी. घरात कोंबडीखाद्यवाले इथेनॉल कारखान्यांतला मक्या-तांदळाचा स्वस्त चोथा घेऊ लागलेत. पेंडेची पोती गोदामात अडली की गाळप थांबतं, पाळी बंद.

आता लातूरकडच्या गिरण्यांतल्या हमालीचं. आयातीचं कच्चं तेल बंदरालगतच्या कारखान्यांत शुद्ध होतं. तिथे पोती उतरवणं, चाळणं, पेंड भरून थप्पी लावणं नसतंच. पाइप आणि टाक्या, माणसं मोजकी. मे 2025 अखेर कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं, शुद्ध तेलावरचं मात्र होतं तेवढंच राहिलं. बाहेरचं कच्चं तेल स्वस्तात आणता आलं की फायदा शुद्धीकरणवाल्यांना, बी फोडणाऱ्या गिरणीला उलट फटका.

माल हमीभावाने (2025-26 साठी 5328 रुपये) घालणार असाल तर आधी वाळवा. ओलावा 12 टक्क्यांवर गेला की केंद्रावर खळखळ सुरू होते.