वाचकांचे प्रश्न : मेम्ब्रेनचा चार्ज आणि आतलं प्रोटीन

प्रश्न : ताई, मी बीएस्सीला आहे, गाव वणी तालुक्यात. कृत्रिम पेशीच्या मेम्ब्रेनमधी, म्हणजे बाहेरच्या पडद्यात, प्लस चार्जचं लिपिड टाकलं तं आत प्रोटीन कमी बनते असं वाचलं. मंग मायनसवालं टाकलं तं वाढाले पाहिजे, पण तसं सरळ होत नाही म्हणतात. काहून?

उत्तर : फार मुद्द्याचं विचारलंस. या पेशीत लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, फुग्यात डीएनए, प्रोटीन बनवणारे रायबोसोम, त्यांना अमिनो आम्लं आणून देणारे टीआरएनए, अमिनो आम्लं, ऊर्जा देणारं एटीपी आणि मॅग्नेशियम असं सगळं भरतात. जपानमध्ये शिमिझू आणि उएदा यांच्या ग्रुपने २००१ मध्ये ई. कोलाय या जिवाणूचे हवे तेवढेच घटक वेगवेगळे शुद्ध करून असं मिश्रण बनवलं, त्याला प्युअर सिस्टीम म्हणतात. आता डीएनए, आरएनए दोन्हींच्या कण्यात फॉस्फेट, म्हणजे मायनस, आणि ई. कोलायचा रायबोसोम वजनाने दोन-तृतीयांश आरएनएच असतो. मेम्ब्रेनमध्ये डोटॅपसारखं प्लस लिपिड असलं की हे सगळे जाऊन तिथंच चिकटतात, मशीन मोडत नाही, पण कामावर कुणी उरत नाही.

मायनस लिपिड, समजा पीजी (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल), आरएनएला दूर ठेवतं हे खरं, पण ते प्लस चार्जच्या मॅग्नेशियमला ओढतं. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती मायनस असते म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम धरून ठेवते आणि मायनस चार्जचं नायट्रेट पावसात वाहून जातं, अगदी तसंच. रायबोसोमचे दोन भाग जुळून राहायला मोकळं मॅग्नेशियम लागतंच, कमी पडलं तर काम मंदावतं, जास्त झालं तरी बिघडतं. म्हणून मायनस म्हणजे वाईट असंही नाही, ई. कोलायच्या स्वतःच्या मेम्ब्रेनमध्ये साधारण ७५ टक्के पीई हे न्यूट्रल लिपिड, आणि २० टक्के पीजी व ५ टक्के कार्डिओलिपिन ही दोन मायनस लिपिडं असतात, तिचं मस्त चालतं! प्रमाण आणि मॅग्नेशियम दोन्ही सोबत बघावे लागतात.

साइजही विसरू नको. १ मायक्रॉनच्या फुग्यात आतल्या द्रवाच्या मानाने मेम्ब्रेन १० मायक्रॉनवाल्याच्या दहापट असते, त्यामुळे लहान फुग्यात चार्जचा परिणाम जास्त दिसणार.

कॉलेजात प्रोजेक्ट केलास तर नुसती जीएफपीची (हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनची) चमक मोजून थांबू नको, आरएनएला रंग लावून तो कडेला जमतो का तेही बघ, माझ्या मते खरं उत्तर तिथंच मिळतं. आणि कंट्रोलला, म्हणजे तुलनेच्या फुग्याला, पीसी हे न्यूट्रल लिपिड शुद्ध केलेलंच घे. सोयाबीनच्या साध्या लेसिथिनमध्ये पीसी असतं, पण सोबत मायनस चार्जचं पीआय हे लिपिडही असतं, मग कंट्रोलच राहत नाही.