बरोबरीत न सुटणारा खेळ

प्रश्न : ‘हेक्स’ या डॅनिश पटावरच्या खेळाचा इतिहास काय आहे?

उत्तर : हा खेळ गणिताची आवड असलेले डॅनिश कवी पीट हाइन यांनी रचला आणि डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, ‘पोलिटिकेन’ दैनिकाने तो ‘पॉलिगॉन’ या नावाने वाचकांपुढे ठेवला. आरंभी तो छापील कागदावर पेन्सिलीने खेळत. लाकडी पट नंतर आले. पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गणितज्ञ जॉन नॅश यांना तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला. ‘हेक्स’ हे नाव १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने रूढ केले. माझ्या मते त्याचे खरे सौंदर्य असे, की समोरासमोरच्या आपल्या दोन कडा षट्कोनी घरांतून जोडायच्या, एवढाच नियम असूनही डाव कधीच बरोबरीत सुटत नाही. अचूक खेळल्यास पहिला खेळाडू जिंकतोच, हे नॅश यांनी सिद्ध केले. मात्र त्यासाठी कोणत्या चाली खेळाव्यात, हे ती सिद्धता सांगत नाही.