फिल्टर नळाखाली धुऊ नका
आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, म्हणून पाणी आलं की माशांच्या टाकीतलं अख्खं पाणी बदलायचा मोह होतो. तसं करू नका, आठवड्याला 20 ते 25 टक्के पुरे. एक पिंप माशांसाठीच भरून ठेवा, त्यात अँटी-क्लोरीनचे, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे, थेंब टाका. मे महिन्यात पिंप सावलीत हवं, ओतण्याआधी पाणी गरम नाही ना, हे हात बुडवून बघा.

फिल्टरमधला स्पंज मात्र जिवापाड जपा. माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच राहतात. सुरुवातीला मी तो नळाखाली खसाखसा धुतला, जिवाणू मेले आणि 3 दिवसांत 4 गप्पी गेले. अजून वाईट वाटतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळा, प्रवाह मंदावला की.