पित्ताशयाच्या सुजेवर चिनी गोळ्या देऊन ऑपरेशन टळेल का?

तुमच्या आईच्या पित्ताशयात खडे आहेत, पिशवीला सूज आलीय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत आणि ऑनलाइन तुम्हाला दा छायहू थांगच्या गोळ्या दिसल्या, त्या देऊ का असं विचारलंय. मी एमबीबीएस चीनमध्ये थ्यानजिनला केलं, तिथे आम्हालाही चिनी औषधांचा विषय होता, म्हणून स्पष्टच सांगतो, ऑपरेशन टाळायला म्हणून देऊ नका.

औषध थोतांड आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. साधारण १८०० वर्षांपूर्वीच्या जांग जोंगजिंग या वैद्यांचा काढा आहे हा, आणि लक्षणं काय दिलीत बघा, थंडी-ताप आलटून पालटून, पोटाच्या वरच्या भागात गच्च वाटणं, उलटी थांबत नाही, शौचाला साफ नाही. यात छायहूची मुळं, कच्चं कडू संत्रं, आलं, लाल बोरं, रेवाचिनी वगैरे आठ वनस्पती असतात. एक कंद आपल्या सुरणाच्या कुळातला, कच्चा पोटात गेला तर घसा सुजतो म्हणून आधी आल्यासोबत शिजवून घेतात. रेवाचिनीने पोट साफ करायचं असेल तर ती भांड्यात शेवटी टाकतात कारण जास्त उकळली की जोर जातो. म्हणजे माणूस बघून काढा बदलतो, बाटलीतल्या गोळीत हे कुठून येणार? आईंना आधीच पातळ होत असेल, अशक्तपणा असेल तर रेवाचिनीने जुलाब होऊन हाल होतील.

आणि खुद्द चीनमध्ये हे कसं देतात ते ऐका. थ्यानजिनच्या नानखाय हॉस्पिटलात १९६० च्या दशकापासून अशा पोटाच्या इमर्जन्सीत काढे वापरतायत, पण ते सुरू केलं वू शियेनजोंग यांनी, जे स्वतः सर्जन होते. पेशंट अॅडमिट, सलाईन चालू, ताप आणि पोट सारखं तपासायचं, उतार नाही पडला की ऑपरेशन. घरी बसून गोळ्या असा प्रकार नाही.

खडा पिशवीच्या नळीत अडकतो म्हणून सूज येते. सूज उतरली तरी खडे तिथेच राहतात, पुन्हा कधीही अडकू शकतात, आणि पिशवी सडली किंवा फुटली तर जिवावर बेततं. खडे विरघळवायचं म्हणाल तर अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड आहे, ते मुळात अस्वलाच्या पित्तातलं, जपानमध्ये १९२७ ला वेगळं काढलं, आता कारखान्यात बनतं, पण तेही फक्त बारीक कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर आणि कित्येक महिने घेतलं तर.

अजून एक, पित्ताशय-लिव्हरसाठी लोंगतान शियेकान नावाच्या पण गोळ्या विकतात. त्यातल्या एका वेलीत अॅरिस्टोलोकिक अॅसिड असायचं, त्याने किडन्या निकामी होतात, कॅन्सरही होतो. चीनने २००३ साली ती वेल औषधांतून काढून टाकली, पण कुठल्याही विक्रेत्याच्या बाटलीत नक्की काय भरलंय ते तुम्ही कसं ओळखणार.

आता सर्जनना विचारा की सूज ताजी आहे का, कारण ताजी असेल तर दुर्बिणीचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या आठवड्यातच उरकलेलं बरं असतं, आणि आई बाकी काही काढे, चूर्णं घेत असतील तर तेही सांगा. हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा उजव्या बरगडीखालचं दुखणं थांबेचना, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी सरळ कॅज्युअल्टीत न्या.