पाठपोट : काकडीला टाचण्या

गेल्या अंकात मी म्हटलं होतं, या महिन्यात पोस्टकार्डावर निवडुंग काढून पाठवा. कार्डं आली, कार्डांपेक्षा तक्रारी जास्त आल्या. कार्डं ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवली आहेत आणि चहा उकळेपर्यंत रोज एकेक बघते. तक्रारींपैकी पाच इथे घेते.

*ताई, मी बँकेत आहे. सकाळच्या स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं तर स्केचबुक काढते. प्रदर्शनातून निवडुंगांच्या बारा छापील कार्डांचा सेट आणला, त्यावरून सराव केला. पण माझा प्रत्येक निवडुंग काकडीला टाचण्या टोचल्यासारखा दिसतो. काटे कमी करू की वाढवू? (मुलुंड)*

काट्यांची संख्या सोडा. ते उगवतात कुठून ते बघा. तुमच्या कार्डावर हिरवा लांबोळका आहे आणि जिथे जागा मिळाली तिथे रेघ ओढली आहे. खऱ्या कॅक्टसला काटा असा वाटेल तिथे फुटत नाही. त्याच्या अंगावर लोकरीच्या बारीक गादीसारखे ठिपके असतात, त्यांना एरिओल म्हणतात. काटे, फूल, नवा कोंब, सगळं त्या ठिपक्यातूनच येतं. हा ठिपका कॅक्टसच्या घराण्याची खूण. तो नसेल तर झाडाला कितीही काटे असोत, ते दुसऱ्या घरचं.

म्हणजे काम रांगोळीचंच झालं. आधी ठिपके, मग रेघा. उभ्या धारा असलेला निवडुंग असेल तर ठिपके धारेच्या कडेवर एकाखाली एक येतात. या धारा हार्मोनियमच्या भात्यासारख्या असतात, पाणी मिळालं की फुगतात, नाही मिळालं की मिटतात. त्यामुळे तहानलेल्या झाडाच्या धारा खोल काढा आणि पाणी प्यायलेल्याच्या उथळ. मॅमिलेरिया नावाच्या छोट्या कॅक्टससारखा गोळा असेल तर ठिपके गोल फिरत जातात, बहुतेक वेळा एका दिशेने ८ आणि उलट दिशेने १३ वळसे, किंवा १३ आणि २१. दादरच्या एका नर्सरीत मी हे वळसे मोजत इतका वेळ उभी राहिले की माळ्याने विचारलं, "मावशी, घेणार आहात की नुसती खानेसुमारी?" घेतला, काय करणार.

काटे सगळ्यात शेवटी, पांढऱ्या जेल पेनने, खालचा हिरवा पूर्ण वाळल्यावर. मुंबईत जुलैमध्ये पूर्ण वाळणं म्हणजे दुसरा दिवस.

आणि छापील सेट कपाटात टाका. सराव कुंडीवरून करायचा. या झाडांना चित्रकाराची गरज खरोखरच पडलेली आहे. इतर झाडांची फांदी कागदात दाबून वाळवली की नमुना तयार. मांसल झाडं दाबली की सडतात, काही तर कागदाच्या घडीतही हट्टाने वाढत राहतात. म्हणून १७९९ पासून द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथासाठी पिएर-जोसेफ रदूतेने त्यांची चित्रं काढली. हा तोच रदूते, ज्याला लोक गुलाबांसाठी ओळखतात. याच द कांदोलने पुढे १८२८ मध्ये गुलाबासारखी पानं रचणाऱ्या मेक्सिकोच्या एका मांसल झाडाला अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकाराचं नाव दिलं. तुमच्या सेटमधल्या चौथ्या कार्डावर निळसर पाकळ्यांचा जो "गुलाब" आहे, तोच एचेव्हेरिया. फुलझाडाच्या नावात राजे आणि गव्हर्नर पुष्कळ सापडतात, आमच्यातला एक सापडला की मला बरं वाटतं.

*मी निवृत्त आहे. नातीने वाढदिवसाला लाल डोक्याचा कॅक्टस दिला, डोक्यावर पिवळं फूल. दोन्ही रंगवून आपल्याला कार्ड पाठवलं. चार महिने झाले, फूल सुकलेलं नाही. हे शुभ समजावं का? (गिरगाव)*

काका, फूल गोंदाने चिकटवलेलं आहे.

नखाने हलकेच उचलून बघा, खाली गोंदाचा पारदर्शक थेंब दिसेल. वाळल्यावरही रंग न सोडणारी, कागदासारखी कुरकुरीत फुलं असतात, ती चिकटवून कॅक्टस विकतात. नातीला सांगू नका. आणि फूल ओढून काढू नका, खालची साल सोलून निघते.

लाल डोक्याची गोष्ट मात्र खरी आहे आणि चित्रासाठी फार छान आहे. ती दोन झाडं आहेत. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खालच्या हिरव्या, तीन धारांच्या खोडावर त्याचं कलम केलेलं असतं आणि ते खोड दोघांसाठी राबतं. हा संसार सहसा काही वर्षांचाच. तुम्ही लाल रंग हळूहळू हिरव्यात विरघळवला आहे, तसं होत नाही, मध्ये कापल्याची सरळ रेघ असते. मीही एकदा असंच केलं होतं. ऑफिसात कॅलेंडरच्या पानासाठी मोठ्या ऐटीत लाल-हिरवी छटा उतरवली, साहेबांनी पास केली, छापूनही आली. चूक दाखवली ती आमच्या चाळीत खाली इस्त्री करणाऱ्याने. त्याच्या टेबलाशेजारी तेच झाड होतं.

*मी सातवीत आहे. शाळेत सांगितलं की ब्रह्मकमळ हा कॅक्टस आहे. आजी म्हणते, देवाच्या फुलाला कॅक्टस म्हणू नकोस. त्याला काटेही नाहीत. कोण बरोबर? (घाटकोपर)*

शाळा बरोबर. पण आजीला हे मी सांगितलं असं म्हणू नकोस.

आपल्या गॅलरीत पावसाळ्याच्या रात्री उमलतं ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ते तिथल्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर राहतं, वाळवंटात नाही, म्हणून आपली दमट हवा त्याला मानवते. तुला जी पानं वाटतात ती चपटी झालेली खोडं आहेत. त्यांच्या कडेला खाचा आहेत बघ, कळी खाचेतूनच निघते, पानाच्या मधून कधीच नाही. तो वर सांगितलेला ठिपका त्या खाचेत लपलेला असतो. काढताना एवढं सांभाळलंस तरी पुष्कळ. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या घराण्यातलं.

कळी मान वर उचलायला लागली की त्या रात्री झोपायचं नाही. नऊच्या सुमारास सुरुवात होते, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उमलतं, सकाळी मान टाकलेली असते. शेजारीपाजारी बघायला येतील, उदबत्ती लावतील, मोबाइल काढतील. तू कोपऱ्यात स्टूल घेऊन आधीच बस.

*जुलैमध्ये मैत्रिणीला पाठवलेलं कार्ड पोचलं तेव्हा त्यावर फक्त पालकाची भाजी होती. टपालाची तक्रार कुठे करू? (अंधेरी)*

कुठेही नको, रंगाची करा. पाव आण्याचं पहिलं कार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ ला निघालं, ऐन पावसाळ्यात. तेव्हापासून शाई वाहतेच आहे.

पन्नास पैशांच्या सरकारी कार्डाचा कागद जलरंगासाठी नाही, पाणी लागलं की त्याची लव सुटते. त्यावर फक्त वॉटरप्रूफ काळी शाई वापरा आणि हिरवा लागलाच तर कोरडी रंगपेन्सिल. रंग भरायचाच असेल तर ३०० जीएसएमचा जाड, जलरंगाचा कागद १४ बाय ९ सेंटिमीटर कापा, मागे मधोमध रेघ मारा, उजवीकडे पत्ता आणि वर तिकीट. पत्त्यालाही तीच शाई, चित्र वाचलं आणि पत्ता धुतला गेला तर काय उपयोग? वाळू, सुतळी, खरे काटे चिकटवलेली कार्डं मलाही आली आहेत. ती पाकिटातून पाठवा, शिक्का मारणाऱ्याच्या बोटांचा विचार करा. छापून घेतलेल्या कार्डांचा दर वेगळा असतो, तिकीट लावण्याआधी खिडकीवर विचारा.

*सगळे तोच हात वर केलेला निवडुंग काढतात. आपल्या मातीतली सहा कार्डं करायची आहेत. काय काढू? (लालबाग)*

शाब्बास. तो हातवाला साग्वारो अॅरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोराचा. त्याला पहिला हात फुटायलाच अनेकदा ५० ते ७५ वर्षं लागतात आणि आपण कुंडीतल्या बोटभर रोपाला दोन हात काढून मोकळे होतो.

त्रिधारी निवडुंग घ्या. काटे जोडीजोडीने असतात, मोडला की पांढरा चीक येतो. ठिपका नाही, म्हणजे कॅक्टस नव्हे. कुंपणाचा शेर घ्या, नुसत्या पेन्सिलएवढ्या हिरव्या कांड्या, कार्डभर रेघाच रेघा. मूळचा आफ्रिकेचा, पण गावागावांत रुळलेला. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्यांना तो फार वाईट. माकडशिंगी घ्या, बिनपानांच्या मांसल हिरव्या कांड्यांची. घायपात घ्या, तोही पाहुणाच, पण कोकणच्या बांधावर इतका दिसतो की सोडवत नाही.

फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस आणि खरा परका, अमेरिकेतून आलेला. अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासकडे त्यावर लाल रंग देणारे किडे पोसायचा घाट घातला होता. तुमच्या पेटीतला कारमाइन, म्हणजे गडद लाल, पूर्वी त्याच किड्यांपासून करत. म्हणून या कार्डावर फडं हिरवी आणि बोंड कारमाइनचं, एवढे दोनच रंग.

सहावं कार्ड शिंदळ माकुडीचं. जुन्नरकडच्या डोंगरांतली, महाराष्ट्राबाहेर न सापडणारी. जाड खोड, पावसाळ्यात पानं, कोरड्या दिवसांत ती गळतात. फूल चांदणीसारखं, गडद लालसर, मधे पिवळे डाग. १८६०च्या दशकात डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला फ्रेरिया हे नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. फोर्टची तटबंदी त्यांच्याच काळात पडली आणि फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. कारंज्याला काही ते मिळालं नाही.

शिवनेरीला गेलात तर चित्र तिथेच बसून काढा, पेन्सिलने, आणि रंग घरी भरा. रोप उपटून आणू नका. कड्यावर वाकून फोटोही काढू नका, दुर्बीण न्या.