एसीचं बटण आणि नाताळचा आठवडा

गेल्या वेळी हिवाळ्यातल्या स्वस्त प्रवासाबद्दल प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा: 'थंडीत काय सवलती मिळतात?' खरं सांगायचं तर फारशा मिळत नाहीत. उलट डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत लॉजवालासुद्धा तुमच्याकडे उपकार केल्यासारखा बघतो. हिवाळ्यात पैसे वाचतात ते काही गोष्टी विकत घ्याव्याच लागत नाहीत म्हणून. एसीचा डबा नको, एसीची खोली नको, दर तासाला थंड पाण्याची बाटली नको, दुपारी बारा ते चार सावली शोधत बसणं नको. त्यामुळे उन्हाळ्यात तीन दिवसांत होणारं गाव दोन दिवसांत बघून होतं आणि एका मुक्कामाचं भाडं वाचतं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एका जानेवारीत चिखलदऱ्याला 'एसी डिलक्स' खोली घेऊन राहिलो. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, तो निघेपर्यंत तसाच राहिला. मी मात्र दोन ब्लँकेटं मागून घेतली, आणि त्यांचे पैसे वेगळे भरले.

प्रश्न : आम्ही सहा मित्र, नाशिकला इंजिनिअरिंगला आहोत. २४ ते २८ डिसेंबर गोवा करायचा आहे. माणशी तीन हजारांत बसेल का?

नाही बसणार. बसवलंत तर त्यातले दोन दिवस वडापाववर काढाल. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलतं, म्हणजे २४ डिसेंबरची गाडी २५ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडते आणि कोकण रेल्वेवर ती चहा निवायच्या आत भरते. मग उरते खासगी बस, जिचं त्या आठवड्यातलं भाडं तुम्हीच मोबाइलवर बघा आणि शांतपणे पाणी प्या. खोल्याही दुपटी-तिपटीला जातात.

तारखा हलवा. परीक्षा आटोपल्यावर जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार. समुद्र तोच, हवा तीच, फक्त गर्दी घरी गेलेली असते. आणि मुक्काम गोव्यात करायलाच हवा असंही नाही. सावंतवाडी रोडला उतरा, सावंतवाडीहून एसटीने शिरोड्याला जा. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचं हे गाव. किनारा लांबलचक आणि निवांत, सुरूच्या बनाची सावली, घरगुती खानावळी भरपूर. जेवताना सुरमईचा हट्ट धरू नका, बांगडा मागा. निम्म्या पैशांत पोट भरतं, आणि ताजा बांगडा शिळ्या सुरमईपेक्षा केव्हाही बरा.

एक दिवस शिरोड्याहून तेरेखोलच्या किल्ल्यावर जा. नदीच्या या काठावर असला तरी किल्ला गोव्याचा आहे. खाली धक्क्यावरून केरीला जाणारी फेरीबोट पायी माणसाकडून तिकीट घेत नाही. पलीकडे उतरलात की गोव्याच्या वाळूत पाय. मित्रांना फोटो पाठवायला तेवढं पुरतं.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा, पत्नी ६८ वर्षांची. साताऱ्यात राहतो. अजिंठा-वेरूळ राहून गेलंय. एसटीच्या सवलतीत जमेल का? थंडी बाधणार तर नाही?

जमेल, आणि तुमच्या वयाच्या माणसांनी ही लेणी हिवाळ्यातच बघावीत. आधी पैशांचं. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीत तिकीट नाही, ही योजना ऑगस्ट २०२२ पासून आहे. वहिनींना अर्धं तिकीट, कारण मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना निम्मं भाडं आहे. सवलतीसाठी लागणारं ओळखपत्र पाकिटात तळाशी ठेवू नका, कंडक्टर आला की लगेच हाताला लागलं पाहिजे. आधी आरक्षण केलंत तर आरक्षणाचा किरकोळ आकार तुम्हालाही पडेल. तो द्या. साताऱ्याहून छत्रपती संभाजीनगर म्हणजे दिवसभराचा प्रवास, तिथे जागेसाठी धक्काबुक्की नको. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे आणि शहरातल्या बसला लागू नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता वार नीट बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी पोचून 'उद्या सकाळी अजिंठा' असा बेत करणारे किती तरी लोक फाट्यावरून परत फिरताना पाहिलेत. तुम्ही मंगळवारी पोचा, बुधवारी वेरूळ, गुरुवारी अजिंठा. तिकीट भारतीयांना प्रत्येक ठिकाणी ४० रुपये.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन दुपारनंतर आत शिरतं. एप्रिलमध्ये त्या वेळी कैलास लेण्याच्या अंगणात पाय ठेववत नाही. जानेवारीत मात्र तिथेच उन्हाला पाठ करून तासभर बसता येतं. सकाळी आरामात नाश्ता करून निघा.

अजिंठ्याला फाट्यावर गाडी सोडून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जायचं असतं. पुढे पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवा. आणि चित्रं असलेल्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आतला दगड असा गार असतो की तळव्यातून कळ थेट गुडघ्यात जाते. म्हणून दोघांनी जाड लोकरी मोजे घालून जा. पद्मपाणीच्या चित्रासमोर निवांत उभं राहता येईल. थंडी बाधते ती अशा जागी. बाहेर उन्हात नाही.

प्रश्न : रात्रीच्या प्रवासाला थंडीत स्लीपर घ्यावा की थ्री एसी? घरचे म्हणतात, स्लीपरमध्ये गारठून जाशील. (मुंबई–नागपूर, जानेवारी)

थ्री एसीचं भाडं स्लीपरच्या अडीच पटीच्या आसपास जातं. जानेवारीत त्या जादा पैशांत तुम्हाला मिळतं ते चादर-ब्लँकेट आणि बंद काच. चादर-ब्लँकेट घरून आणता येतं, काच स्लीपरमध्येही ओढून घेता येते.

मात्र गारठा खरा आहे. भुसावळ मागे पडलं की पहाटे तीनच्या पुढे खिडकीच्या फटीतून सुरीसारखं वारं येतं. काच आणि पत्र्याची झडप दोन्ही खाली ओढा, खालच्या फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबा. बर्थ निवडताना वरचा मागा. उन्हाळ्यात ज्याला सगळे नाकं मुरडतात तो वरचा बर्थ हिवाळ्यात डब्यातली सगळ्यात उबदार जागा, कारण खिडकी दूर आणि डब्यातल्या सगळ्या माणसांची ऊब वरच चढते. साइड लोअर टाळा, खिडकीला खेटूनच झोपावं लागतं. कानटोपी घाला. दिसते वाईट, पण डबाभर सगळ्यांनीच घातलेली असते.

लहान मूल किंवा दम्याचं माणूस बरोबर असेल तर वाद न घालता थ्री एसी घ्या.

प्रश्न : मुलांच्या शाळेला सुट्टी नाताळातच. म्हणजे आम्ही स्वस्तात फिरायचंच नाही का? (दोन मुलं, वय ९ आणि १२, पुणे)

तुमचं पत्र वाचून थोडा ओशाळलो. 'तारखा बदला' म्हणणं सोपं, शाळेच्या कॅलेंडरपुढे कुणाचं चालतं? तारीख हलत नसेल तर जागा हलवायची. त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची सगळी माणसं तीन दिशांना जातात : लोणावळा-महाबळेश्वर, कोकणपट्टी, गोवा. या तिन्हीकडे पाठ करा.

पहिली सूचना एका दिवसाची. पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या काही गाड्या भिगवणला थांबतात. तिथून रिक्षाने कुंभारगाव. उजनी धरणाच्या फुगवट्यावर या दिवसांत पाहुणे पक्षी उतरलेले असतात. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे, आणि नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. नावाडी तिथले मच्छीमारच. भाडं माणशी नसून नावेचं असतं, म्हणून दुसऱ्या कुटुंबाला बरोबर घ्या आणि खर्च वाटून घ्या. उजाडता उजाडता पाण्यावर धुकं असतं, तेव्हा पोचलात तर सोनं. दहानंतर जाऊन 'काही दिसलं नाही' म्हणू नका. मुलांना दुर्बीण हवी, नसेल तर शेजाऱ्यांकडून मागा. परतताना चिलापी मासा खा, तळलेली किंवा रश्श्यातली.

दुसरी सूचना चार दिवसांची, विदर्भाची. लोणारचं विवर जालना-मंठ्याच्या बाजूने किंवा मेहकरहून एसटीने गाठता येतं. उल्केच्या आघाताने झालेला पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचा खड्डा बारा वर्षांच्या पोराला कुठल्याही वॉटर पार्कपेक्षा जास्त आवडतो, हे मी तीन वेगवेगळ्या पोरांवर तपासलंय. त्यांना सांगा की जून २०२० मध्ये या तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं. उतरताना ठीक, चढताना धाप लागते, पण डिसेंबरच्या हवेत घाम येत नाही. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका.

पुढे वर्धा. सेवाग्रामला बापू कुटी बघायला तिकीट नाही, आणि समोरच यात्री निवास आहे. खोल्या साध्या, पण मुलांना एकदा तसं राहू द्या. गांधीजी इथे १९३६ साली आले. जवळच पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. परतताना वर्ध्याचा गोरसपाक घ्या, घरी पोचेपर्यंत उरला तर. आणि संत्री नागपूर भागात रस्त्याकडेला टोपल्यांनी लावलेली असतात. डझनावर घासाघीस करू नका, टोपलीवर करा.

एक सावधगिरी. विदर्भात डिसेंबरात साडेपाचलाच दिवस कलतो, पुण्यापेक्षा जवळपास अर्धा तास आधी. शेवटच्या एसटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. नाहीतर जीपवाला सांगेल तो भाव.

प्रश्न : मार्गशीर्षात लग्न झालं. बर्फ बघायचाय. कोल्हापूरहून मनाली, दोघांचं बजेट पंचवीस हजार. थंडीत दर कमी असतील ना?

आधी अभिनंदन. दर कमी असतात ते फेब्रुवारीच्या आसपास. नववर्षाच्या आठवड्यात मनालीला पाय ठेवायला जागा नसते. आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. दिल्लीला पोचून त्याच संध्याकाळची बस धरायचा बेत करू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. गाडी तुमच्या स्टेशनावर यायलाच तीन तासांहून जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही प्रवास रद्द केलात, तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, मात्र गाडी सुटायच्या आत भरावा लागतो. बहुतेक लोक नंतर भांडत बसतात.

पंचवीस हजार पुरतील, पण छुपे खर्च धरा. खोली स्वस्त दाखवतात आणि हीटरचे रोजचे पैसे वेगळे लावतात. फोनवर तीन प्रश्न विचारा : हीटर भाड्यात आहे का, गीझर दिवसभर चालतो का, बर्फ पडला तर गाडी हॉटेलपर्यंत येते की सामान उचलून चढायचं. बर्फातले जाड कोट आणि गमबूट वाटेत भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. कोल्हापुरात तुम्ही ते परत कधी घालणार? आतून घालायचे थर्मल मात्र स्वतःचे न्या. रोहतांग त्या दिवसांत बंद असतो, तरी 'रोहतांग दाखवतो' म्हणणारा एक तरी भेटेलच. रस्ता चालू असेल तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जाऊन या. तिथला बर्फ पुरेसा होतो.

आणि एक आगाऊ सल्ला. बर्फाचा हट्ट सोडलात तर हंपी. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेस होसपेटला जाते, स्लीपरचं तिकीट किरकोळ, सायकल भाड्याने घ्या. मार्चनंतर तिथले खडक तापतात की हात लावता येत नाही. जानेवारीत सूर्यास्ताला वर चढून बसता येतं. मात्र कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास त्यांच्या राज्यातल्या महिलांसाठी आहे, तिथे आपलं आधार दाखवून उपयोग नाही.

प्रश्न : फेब्रुवारीत मालवणला जायचंय. बाकी दिवसांची रेल्वे तिकिटं मिळतात, पण एक ठरावीक तीन-चार दिवस दोन्ही बाजूंनी भरलेत. सुट्टी तर नाही. काय भानगड आहे?

भानगड नाही, आंगणेवाडीची जत्रा आहे. मसुरे गावच्या भराडी देवीची ही जत्रा पंचांगात ठरत नाही, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. ती कळली की मुंबईतला चाकरमानी दुसऱ्या मिनिटाला तिकीट काढतो, तुम्ही चहा घेऊन बसेपर्यंत डबे भरलेले असतात. जत्रेलाच जायचं नसेल तर तारखेच्या चार दिवस आधी किंवा चार दिवस नंतर जा, खोल्या पुन्हा नेहमीच्या भावाला येतात. जायचंच असेल तर लॉज शोधत वेळ घालवू नका. ऑफिसात, सोसायटीत, कुठेतरी एक मालवणी माणूस असतोच. त्याला विचारा.